रँडम सॅम्पलिंग वेगळं, रँडमायझेशन वेगळं

नर्सिंगच्या पीएच.डी. प्रबंधात एक वाक्य हमखास सापडतं : ‘६० रुग्ण रँडमली निवडून त्यांचे दोन गट केले.’ पान उलटावं, तर रुग्ण एकाच वॉर्डातले, त्या काळात दाखल झालेले आणि सहभागाला तयार असलेले. मग रँडम नेमकं काय केलं? बहुतेकदा काहीच नाही.

रँडम सॅम्पलिंग सगळ्यांना येतं. पूर्ण यादी हाती घेऊन चिठ्ठ्या काढायच्या. निष्कर्ष नमुन्याबाहेरच्यांना लागू होतील का, ते त्यावर ठरतं. सर्वेक्षणात ते हवंच.

घोळ होतो रँडमायझेशनपाशी. इथे अभ्यासात आधीच आलेल्यांपैकी प्रायोगिक गटात (उपचार मिळणाऱ्या) कोण आणि नियंत्रण गटात (तुलनेसाठीच्या) कोण, एवढंच चिठ्ठीवर सोडायचं असतं. दिसलेला फरक आपल्या उपचारामुळेच पडला, असं म्हणायचा हक्क त्यातून मिळतो.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची १९४८ साली प्रसिद्ध झालेली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी घ्या. त्यातले १०७ क्षयरुग्ण रँडम सॅम्पल नव्हते. ठरावीक वयाचे, ठरावीक प्रकारचा क्षय असलेले पाहून घेतले होते. पण रुग्ण चाचणीत घ्यायचा हे पक्कं झाल्यावरच त्याच्या क्रमांकाचं बंद पाकीट उघडलं जाई. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४.

ते बंद पाकीटच आपल्याकडच्या प्रबंधांतून गायब असतं. सम केसपेपर क्रमांक प्रायोगिक, विषम नियंत्रण. सोमवारी हा गट, मंगळवारी तो. याला रँडमायझेशन म्हणू नये. समजा, शस्त्रक्रियेआधी श्वसनाचे व्यायाम शिकवायचे आहेत. पुढचा क्रमांक कोणत्या गटाचा हे रुग्ण घेणाऱ्या सिस्टरला आधीच ठाऊक असेल, तर हुशार, उत्साही रुग्ण नकळत व्यायामाच्या गटात सरकतो आणि कण्हणाऱ्या आजोबांना ‘उद्या बघू’ म्हटलं जातं. पुढे दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट कितीही नेटकी करा, गट मुळातच असमान झालेले असतात.

त्यावर उत्तर ठरलेलं : ‘मसाज केला की रुग्णाला कळणारच, ब्लाइंडिंग शक्य नाही.’ मान्य. ब्लाइंडिंग म्हणजे कुणाला कोणता उपचार मिळतोय हे कळू न देणं. पण पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हा क्रम लपवणं म्हणजे ब्लाइंडिंग नव्हे. ते फक्त गट ठरेपर्यंत पाळायचं असतं आणि कुठल्याही नर्सिंग अभ्यासात जमतं. अभ्यासाबाहेरच्या कुणीतरी संगणकावर क्रम काढावा, आरपार न दिसणाऱ्या पाकिटांवर क्रमांक घालावेत, आणि संमतिपत्रावर सही होऊन रुग्णाचं नाव पाकिटावर लिहिल्यावरच ते फोडावं.

तेही जमत नसेल, एक वॉर्ड प्रायोगिक आणि दुसरा नियंत्रण असंच करावं लागत असेल, तर सरळ ‘क्वासी-एक्सपेरिमेंटल’ (रँडमायझेशन नसलेला प्रयोग) लिहा. नावापुरत्या आरसीटीपेक्षा (रँडमायझेशन केलेल्या चाचणीपेक्षा) मला तो प्रबंध केव्हाही जास्त विश्वासाचा वाटतो. ‘कन्व्हीनियन्स सॅम्पल’ (सोयीने मिळालेले रुग्ण) लिहायलाही लाजू नका. त्यावर उत्तम रँडमायझेशन करता येतं. पद्धतीच्या प्रकरणात मात्र सॅम्पलिंग आणि रँडमायझेशन या दोन गोष्टींना दोन स्वतंत्र परिच्छेद द्या.