ओढ ओसरल्यावरचा संसार: मराठवाड्यातली पार्श्वभूमी

लग्नाला दहा-पंधरा वर्षं झाली की सुरुवातीची ओढ ओसरते आणि जोडपी घाबरतात, आपलंच काही बिघडलं की काय. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं.' ते खरंच आहे, कारण त्यांच्या वेळी संसार ओढीवर उभाच नव्हता.

मराठवाड्यात सोयरीक व्हायची ती दोन घरांची. भरल्या घरात नवरा-बायकोला चार शब्द बोलायलाही आडोसा मिळत नसे. बाईचं मन मोकळं व्हायचं ते जात्यावर. त्या ओव्यांत भाऊ आणि माहेर भरभरून येतात. नवरा बहुतेक वेळा कुंकू नाहीतर चुडा होऊन येतो. मला यात कोरडेपणा दिसत नाही. मायेची सगळी भूक एकट्या नवऱ्याने भागवावी, अशी अपेक्षाच नव्हती. शिवाय पंचमीला मुराळी यायचा आणि लेक माहेरी जायची. दुरावा आणि परत येणं, दोन्ही रीतीतच होतं.

तक्रार मात्र जुनी आहे. नर्सीचे म्हणून ओळखले जाणारे संत नामदेव यांच्या पत्नी राजाई यांच्या नावावरच्या अभंगांत घरात दाणा नाही आणि नवरा विठ्ठलापाशी, असा सरळ जाब आहे.

'पूर्वी लग्नं मोडतच नसत' हेही सरसकट खरं नाही. कितीतरी जातींत पंचांसमोर काडीमोड व्हायची आणि बाई पाट लावून दुसरं घर करायची. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेला घटस्फोट राखून ठेवला. जिथे ही वाट नव्हती, तिथे नवऱ्याने टाकलेली बाई जन्मभर भावाच्या दारात राहायची. त्या पिढीत निष्ठा किती आणि नाइलाज किती, हे आज कुणी वेगळं करून सांगू शकणार नाही. परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद त्या कायद्यात आली ती १९७६ साली. निदान कागदावर तरी तेव्हापासून एकत्र राहणं हा दोघांचा निर्णय झाला.

कामानेही माणसं बांधून ठेवली. बीड भागातल्या ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडी भरते. दोघांत अबोला असला तरी फड थांबत नाही. या जोडीतून सोबत निर्माण होते, हे खरं. पण जोडी लागते म्हणूनच कितीतरी पोरींची लग्नं कोवळ्या वयात उरकली जातात, आणि हे विसरून त्या सोबतीचं कौतुक करणं मला पटत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८६ साली प्रेमाचे तीन घटक मांडले: ओढ, जवळीक आणि बांधिलकी. आपल्याकडे बांधिलकी आधी यायची, तीही घरच्यांनी ठरवलेली. जवळीक पुढे जमली तर जमली. आजची जोडपी ओढीपासून सुरुवात करतात आणि बाकीचं आपोआप मागून येईल असं धरून चालतात.

लातूर-नांदेडची मुलं आता पुण्यात दोन खोल्यांत संसार करतात. रुसवा निघावा म्हणून मध्ये पडणारी चुलती तिथे नाही, दोघांनाही समज देणारा मामा नाही. १९८४ च्या कायद्याने आलेल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक असतात, पण जोडपं त्यांच्यापुढे बसतं ते अर्ज दाखल झाल्यावर. त्याआधीची सगळी वर्षं, अबोला कुणी मोडायचा इथपासून, दोघांनाच निभवावी लागतात, आणि ते त्यांना कुणी शिकवलेलं नाही.