लघवी व रक्ताच्या नमुन्यांवरून रसायनांच्या संपर्काची तपासणी : ग्राहकांसाठी माहिती

कारखान्याच्या हवेत बेंझीन (सहज उडून जाणारे एक विषारी रसायन) किती आहे हे हवेच्या मोजणीतून कळते. ते कामगाराच्या शरीरात किती गेले, हे मात्र त्यावरून कळत नाही. अंगमेहनतीचे काम करणाऱ्याचा श्वास जलद चालतो, हे रसायन कातडीतूनही शिरते आणि हातमोजे आतून ओले झाले तर त्यांच्यामुळेच संपर्क वाढतो. म्हणून आम्ही शरीरातील खुणा, म्हणजे जैवसूचक, तपासतो.

संपर्क कमी असेल तेव्हा कोणता सूचक निवडला यावरच निष्कर्षाचा भरवसा ठरतो. बेंझीनसाठी लघवीतील म्युकॉनिक आम्ल (शरीरात बेंझीनपासून बनणारा पदार्थ) मोजण्याची पद्धत जुनी आहे. परंतु खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी वापरले जाणारे सॉर्बिक आम्लही शरीरात अंशतः त्याच आम्लात बदलते. त्यामुळे संपर्क अगदी कमी असताना आदल्या जेवणाचा परिणाम कारखान्याच्या माथी मारला जाऊ शकतो. अशा ठिकाणी आम्ही फिनाइलमर्कॅप्ट्युरिक आम्ल सुचवतो, कारण ते बेंझीनपासूनच तयार होते. तरीही सिगारेटच्या धुरात बेंझीन असते, म्हणून कामगार धूम्रपान करतो का, हे अर्जात नोंदवणे आवश्यक आहे.

नमुन्याची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. बेंझीनचे हे अवशेष काही तासांतच निम्म्यावर येतात. त्यामुळे नमुना कामाची पाळी संपतानाच घ्यावा, दुसऱ्या दिवशी सकाळी घेतला तर आकडा फसवा येतो. शिशाचे तसे नाही: रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते आणि हाडांत ते वर्षानुवर्षे राहते, म्हणून तेथे दिवसाची वेळ गौण असते. धातूंच्या तपासणीत मात्र अंगावरचा कामाचा पोशाख उतरवून आणि साबणाने हात धुऊनच नमुना घ्यावा. बाटलीचे झाकण टेबलावर पालथे ठेवले, तरी तेथील धूळ त्याला चिकटून आकडा वाढवते.

कामगाराने भरपूर पाणी प्यायले असेल तर लघवी पातळ होते, म्हणून निकाल क्रिएटिनिनच्या (स्नायूंत बनून लघवीतून साधारण एकसारखा बाहेर पडणारा पदार्थ) प्रमाणात दिला जातो. क्रिएटिनिन लिटरमागे 0.3 ग्रॅमपेक्षा कमी किंवा 3 ग्रॅमपेक्षा जास्त असल्यास आम्ही नमुना पुन्हा मागतो.

सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांसाठी रक्तातील कोलिनेस्टरेज हे विकर (शरीरातील क्रिया घडवून आणणारे प्रथिन) तपासले जाते, कारण या कीटकनाशकांमुळे त्याचे कार्य घटते. त्याची निरोगी माणसांतील पातळी इतकी वेगवेगळी असते की एखाद्याचे विकर बरेच घटले, तरी त्याचा आकडा ‘सामान्य’ मर्यादेत बसू शकतो. त्यामुळे फवारणीचे काम सुरू होण्यापूर्वीचा त्याच कामगाराचा नमुना हाती असलाच पाहिजे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

वाढलेला आकडा म्हणजे आजाराचे निदान नव्हे. तो कामाची जागा, हवा खेचणारे पंखे आणि हातमोजे तपासण्याची सूचना आहे. वैयक्तिक अहवाल आम्ही कामगाराला व त्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला देतो. व्यवस्थापनाला नावांशिवाय विभागवार आकडे मिळतात.