कूस बदलण्याचे शास्त्र

वृद्धाश्रम निवडताना नातेवाईक बहुधा खोली, बाग, जेवण आणि महिन्याचा खर्च पाहतात. माझ्या मते, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची कूस तेथे दिवसरात्रीतून किती वेळा बदलली जाते आणि त्याची नोंद कोण ठेवते, हे सर्वांत आधी विचारावे. माकडहाड, टाचा आणि खुबे येथे होणारी शय्याव्रणे, म्हणजे बोलताना आपण ज्यांना बेडसोअर म्हणतो त्या जखमा, तेथील काळजी खरोखर कशी आहे हे फार लवकर उघड करतात.

निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो, कारण दाब पडलेली जागा अस्वस्थ करू लागते. पक्षाघात किंवा वाढलेला स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला हा इशारा जाणवत नाही, किंवा जाणवला तरी हलता येत नाही. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर टाच दुखतही नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये चेपलेल्या मांसातील केशवाहिन्या मिटतात, ऑक्सिजन पोहोचत नाही आणि पेशी मरू लागतात. स्नायूंना हा दाब त्वचेपेक्षा कमी सोसतो. त्यामुळे इजा पुष्कळदा आत, हाडालगत सुरू होते आणि वरची त्वचा फाटते तेव्हा खालचा बराच भाग आधीच गेलेला असतो. पलंगाची डोक्याकडची बाजू फार उंच केल्यास शरीर खाली घसरते, पण त्वचा चादरीला धरून राहते आणि त्या ओढाताणीत रक्तवाहिन्या ताणल्या जातात.

‘बोटाने दाबल्यावरही न जाणारी लाली’ हे पहिले लक्षण म्हणून शिकवले जाते. सावळ्या त्वचेवर ही लाली सहसा दिसतच नाही, ही आपल्याकडे फार महत्त्वाची गोष्ट आहे. तेथे हाताने चाचपावे लागते: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा थंड, टणक किंवा पिलपिलीत लागते का, रंग जांभळट झाला आहे का. अंग पुसणाऱ्या मावशींना हे कोणीतरी शिकवलेले असायला हवे. स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी, कारण दुखावलेली जागा चोळल्याने आतील इजा वाढू शकते.

धोका कोणाला अधिक, हे ओळखण्यासाठी बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी 1987 मध्ये एक मापनश्रेणी मांडली. संवेदना, ओलावा, वावर, हालचाल, आहार आणि घर्षण या सहा बाबींना मिळून 6 ते 23 गुण दिले जातात, आणि 18 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे धोका. त्याच बर्गस्ट्रॉम यांनी 2013 मध्ये अमेरिका आणि कॅनडातील 27 शुश्रूषागृहांतील 942 रहिवाशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाट फोमच्या गादीवर कूस दर 2, 3 किंवा 4 तासांनी बदलली, तरी व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे अशा गादीवर रात्रीची झोप कमी वेळा मोडावी लागेल. मात्र हा निष्कर्ष आपल्या दबलेल्या कापसाच्या गादीला लावता येणार नाही, कारण त्या अभ्यासात गादी चांगली होती आणि त्वचेची पाहणी व नोंद नियमाने होत होती.

माणसाला ओढत सरकवायचे नसते, चादरीसह उचलून वळवायचे असते, आणि त्यासाठी दोघे लागतात. म्हणून रात्रपाळीला किती माणसे असतात, हेही विचारून घ्यावे.