क्वेरी प्लॅनर ट्यूनिंग : अनेक जॉइनचे व्ह्यू

एसक्यूएल क्वेरीत काय हवे ते सांगितलेले असते. ते कुठल्या वाटेने शोधायचे हे डेटाबेसचा प्लॅनर ठरवतो. त्याच्या सेटिंग्ज कामाप्रमाणे बदलणे म्हणजे प्लॅनर ट्यूनिंग. येथे पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचा विचार केला आहे.

साधा व्ह्यू स्वतःजवळ काही साठवत नाही. ती नाव दिलेली क्वेरीच. कोकण किनाऱ्यावरच्या मासळीच्या हिशेबाचे उदाहरण घेऊ. नौका, तांडेल, बंदर, लिलाव वगैरे सहा टेबलांचा एक व्ह्यू आणि डिझेल-बर्फाच्या खर्चाचा तेवढाच दुसरा. लिहिणारा दोन नावे जोडून (म्हणजे जॉइन करून) मोकळा होतो, प्लॅनरपुढे मात्र १२ टेबले उभी राहतात. ८ टेबले ४०,३२० क्रमांनी मांडता येतात, १२ टेबले ४७ कोटींहून अधिक. म्हणून किती टेबलांचे क्रम एकत्र तपासायचे याच्या मर्यादा, जॉइन_कोलॅप्स_लिमिट आणि फ्रॉम_कोलॅप्स_लिमिट, मुळात ८ असतात. त्यापलीकडे टेबले एका यादीत मिसळत नाहीत आणि चांगला क्रम नजरेतून सुटू शकतो. मर्यादा १२ केली तर जीईक्यूओ_थ्रेशोल्ड, तोही १२, आडवा येतो आणि पूर्ण शोधाऐवजी जनुकीय शोध, म्हणजे सगळे क्रम न तपासता काहीच क्रम आजमावणे, सुरू होतो. तेव्हा तिन्ही आकडे मिळून वाढवावेत, तेही सेट लोकल वापरून त्या ट्रान्झॅक्शनपुरते. सर्व्हरभर वाढवले तर साध्या क्वेरीचाही प्लॅनिंगमध्येच वेळ जाऊ शकतो.

पण पुष्कळदा खोट क्रमात नसतेच, ओळींच्या अंदाजात असते. हर्णै बंदर म्हटले की रत्नागिरी जिल्हा आलाच, हे प्लॅनरला ठाऊक नसते. समजा, हर्णैच्या नोंदी एकूण नोंदींच्या एकदशांश आणि जिल्ह्याच्या नोंदी एकूण नोंदींच्या एकतृतीयांश आहेत. दोन्ही अटी घातल्या की तो गुणाकार करून एकतिसांश धरतो. थोड्याच ओळी येणार म्हणून नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्यात पुन्हा शोधणे) निवडतो आणि क्वेरी रेंगाळते. दोन्ही रकाने एकाच टेबलात असतील तर त्यांचा परस्परसंबंध प्लॅनरला कळवणारी क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही आज्ञा (आवृत्ती १०, २०१७) कामी येते.

हंगामाचा फटका याहून फसवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये नोंदी भराभर येतात, पण प्लॅनरसाठी टेबलाची आकडेवारी ताजी करणारे, आपोआप होणारे अ‍ॅनालाइझ साधारण १० टक्के ओळी बदलल्याशिवाय चालत नाही. दहा-बारा वर्षांच्या टेबलात तेवढा बदल व्हायला बरेच दिवस जातात. तोवर प्लॅनरच्या लेखी किनाऱ्यावर अजून मे महिनाच असतो. हंगाम सुरू झाल्यावर हाताने अ‍ॅनालाइझ चालवणे हा कुठल्याही सेटिंगपेक्षा स्वस्त उपाय.

रँडम_पेज_कॉस्ट, म्हणजे डिस्कवरचे विखुरलेले पान वाचण्याचा धरलेला खर्च, मुळात ४ असते. एसएसडीवर ते १.१ च्या आसपास आणतात. वर्क_मेम ही मेमरीची मर्यादा वाढवताना ती क्वेरीला नव्हे, तर तिच्यातल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला वेगळी लागते, हे धरून हिशेब करावा. नेस्टेड लूपला परवानगी देणारे एनेबल_नेस्टलूप बंद करून पाहणे निदानापुरते ठीक. तसेच ठेवून दिले तर इतर क्वेऱ्या मंदावतात.