पॅनेल स्वस्त झाले, सांगाडा नाही: कोकणातील घरगुती सौरविजेच्या खर्चाची पार्श्वभूमी

गुहागर, दापोली किंवा मालवणात आज कोणी घरावर सोलर बसविण्याची चौकशी केली, तर हाती येणाऱ्या कोटेशनमध्ये साधारण सहा-सात बाबी असतात: पॅनेल, त्याची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर, पॅनेल पेलणारा सांगाडा, केबल, अर्थिंग व (आकाशातल्या विजेसाठी) वीजरोधक, घेतलेल्या आणि दिलेल्या विजेचा फरक मोजणाऱ्या नेट मीटरचे काम, वाहतूक आणि मजुरी. पंधरा वर्षांपूर्वी अशा कागदावरची पहिली बाबच बाकी साऱ्या बाबींना गिळून टाकत असे. आता ती बरीच आक्रसली आहे, आणि घासाघीस होते ती सांगाड्यावरून, म्हणजे लोखंड किती जाडीचे, त्यावर जस्ताचा मुलामा कसा आणि कौले उतरवून पुन्हा चढविण्याचे पैसे कोण देणार, यावरून. कोकणातील घरगुती सौरविजेचा खर्च समजून घ्यायचा, तर हा भार एका बाबीवरून दुसरीवर कसा सरकत गेला हे पाहावे लागते.

सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने 1954 मध्ये लोकांसमोर मांडला. पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्के ऊर्जेची त्यात वीज होत असे आणि किंमत एवढी होती की पुढची कित्येक वर्षे त्याचे खरे गिऱ्हाईक म्हणजे अंतराळातील उपग्रह. 1970 च्या दशकातील तेलसंकटानंतर या तंत्रज्ञानाकडे जमिनीवरच्या वापरासाठी पाहिले जाऊ लागले, तरी 1977 च्या सुमारास क्षमतेच्या एका वॉटला सुमारे 76 डॉलर मोजावे लागत. भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने याच काळात देशी सौरघट आणि पॅनेल तयार केले. परंतु ते दूरसंचार मनोरे, रेल्वेचे सिग्नल अशा कामांसाठी. घराच्या छपराचा विचार त्यात नव्हता.

महाराष्ट्रात अपारंपरिक ऊर्जेच्या प्रसारासाठी महाऊर्जा ही सरकारी संस्था 1985 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या काळात गावोगावी पोहोचले ते सौरकंदील, सौरपथदिवे आणि पाणी तापविण्याचे बंब. एका लहान पॅनेलवर दोन-चार दिवे लावणारे घरगुती संचही आले. कोकणातल्या वाड्यांवर, विशेषतः घाटाच्या पायथ्याशी, जिथे खांब पोहोचायला उशीर झाला तिथे त्यांचा उपयोगही झाला; मात्र तीन-चार वर्षांत बॅटरी गेली की दिवा गेला आणि गंजका खांब तेवढा मागे राहिला, हे दृश्य अनेक गावांनी पाहिले आहे. सोलर म्हणजे सरकारी, आणि सरकारी म्हणजे बंद पडणारे, ही जी समजूत अजून ऐकू येते तिचे मूळ या खांबांत आहे. त्यानंतर भारनियमनाचा काळ आला. घरोघरी इन्व्हर्टर आणि आम्लाची बॅटरी बसली. पॅनेल नसलेल्या या व्यवस्थेने लोकांना एक हिशेब मात्र पक्का शिकविला: साठविलेली वीज महाग असते आणि बॅटरी ही ठरावीक वर्षांनी पुन्हा विकत घ्यायची वस्तू आहे. म्हणूनच सौरसंचाची चौकशी करणाऱ्याचा पहिला प्रश्न पुष्कळ वर्षे ‘बॅटरी किती वर्षे टिकणार?’ हाच असे.

पॅनेलची किंमत कोसळली त्याची कारणे भारताबाहेर आहेत. जपानने 1990 च्या दशकात घरांवरील संचांना अनुदान दिले, जर्मनीने 2000 च्या कायद्याने सौरविजेला दीर्घ मुदतीचा हमीदर दिला आणि त्या मागणीच्या भरवशावर चीनमध्ये कारखाने उभे राहिले. 2008 मध्ये पॉलिसिलिकॉनचा, म्हणजे सौरघटांच्या कच्च्या मालाचा, तुटवडा पडून त्याचा तात्कालिक भाव किलोला 400 डॉलरच्या वर गेला होता. नवे कारखाने सुरू होताच तो घसरला आणि 2012 पर्यंत पॅनेल वॉटला एका डॉलरच्या खाली आले. त्याबरोबर एक बदल झाला, ज्याची चर्चा कमी होते. तेव्हाचे पॅनेल 230 ते 250 वॉटचे असे, आताचे 540-550 वॉटचे असते. तीन किलोवॉटसाठी जिथे बारा पॅनेल लागत तिथे सहा पुरतात, म्हणजे जोडण्या, पट्ट्या आणि मजुरी कमी. उलट बाजू अशी की हे एकेक पॅनेल पावणेतीस किलोच्या आसपास भरते, आणि ते शिडीवरून कौलांवर चढविताना दोन माणसांऐवजी चार लागतात.

भारतात जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी 2010 मध्ये सुरू झाले. 2022 पर्यंत 20,000 मेगावॉट हे त्याचे उद्दिष्ट 2015 मध्ये 1,00,000 मेगावॉटपर्यंत वाढविण्यात आले आणि त्यातील 40,000 मेगावॉट छपरांवरून यावेत असे ठरले. घरगुती खर्चाच्या दृष्टीने मात्र त्याच वर्षीची दुसरी घटना अधिक महत्त्वाची आहे: महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2015 मध्ये नेट मीटरिंगचे विनियम आणले. दिवसा तयार झालेली जादा वीज महावितरणच्या तारेत सोडायची, रात्री तेथूनच परत घ्यायची आणि बिल फरकाचे भरायचे, अशी ही व्यवस्था. तिने एका फटक्यात बॅटरी अनावश्यक केली. पॅनेलची घसरण ही क्रमाक्रमाने झालेली गोष्ट होती. बॅटरीचा खर्च मात्र कागदावरच्या एका नियमाने नाहीसा झाला.

घराच्या छपरावरील संचांना केंद्र सरकार देत असलेल्या अनुदानाची वाट वळणावळणाची आहे. आरंभी ते 30 टक्के होते. 2019 मध्ये आलेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात पहिल्या तीन किलोवॉटपर्यंत 40 टक्के आणि त्यापुढे दहा किलोवॉटपर्यंत 20 टक्के असे प्रमाण ठरले. जुलै 2022 मध्ये अर्जासाठी राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले आणि अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात येऊ लागले. फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेने टक्केवारी बाजूला ठेवून रक्कमच ठरवून दिली: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, एकूण 78,000, त्यावर वाढ नाही. या रकमा ठरविताना पहिल्या दोन किलोवॉटचा प्रमाणखर्च, म्हणजे सरकारने गृहीत धरलेला खर्च, प्रत्येकी 50,000 आणि तिसऱ्याचा 45,000 धरला आहे, म्हणजे तीन किलोवॉटच्या संचाचे 1,45,000 होतात आणि घरमालकाच्या वाट्याला 67,000 उरतात. प्रत्यक्षात कोटेशन याहून वर जाते. अनुदानासाठी देशी घटांपासून बनलेलेच पॅनेल लागते आणि ते आयात मालापेक्षा महाग पडते. आयात पॅनेलवरही एप्रिल 2022 पासून 40 टक्के सीमाशुल्क लागले. जीएसटीने त्यात भर घातली. ऑक्टोबर 2021 मध्ये उपकरणांवरील दर 5 वरून 12 टक्के झाला आणि संचाच्या किमतीचे 70 टक्के माल व 30 टक्के सेवा धरण्याच्या नियमामुळे एकूण कर 8.9 वरून 13.8 टक्क्यांवर गेला. सप्टेंबर 2025 मध्ये उपकरणे पुन्हा 5 टक्क्यांत आली.

हे सारे नागपूरला जेवढे लागू तेवढेच रत्नागिरीला. कोकणाचा वेगळेपणा छपरापासून सुरू होतो. देशावरच्या सपाट स्लॅबवर दक्षिणेकडे तोंड करून पंधरा-सतरा अंशांत पॅनेल मांडणे हे अर्ध्या दिवसाचे काम. इथे जांभ्याच्या भिंतींवर सागाचे किंवा फणसाचे वासे, त्यावर रीप आणि रिपांवर मंगलोरी कौले. कौल वजन पेलत नाही. सांगाड्याचे हूक कौलांखालून थेट वाशाला धरावे लागतात, त्यासाठी कौलांची रांग उतरवावी लागते आणि जुने कौल उतरविताना फुटले तर त्याच मापाचे नवे मिळेलच असे नाही. घर पूर्वाभिमुख असेल तर छपराचे उतार पूर्व-पश्चिम येतात आणि दक्षिण बाजू नुसती त्रिकोणी भिंत असते. वानरांच्या उड्यांना कंटाळून ज्यांनी कौले काढून पत्रे घातले, किंवा गळक्या स्लॅबवर पत्र्याची शेड उभारली, त्यांचे काम त्या मानाने सोपे होते. पण पत्र्याला पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाला दिलेले आमंत्रण, म्हणून तिथे रबराचे वॉशर आणि सीलंट यांत कसर करून चालत नाही. शिवाय आगरातली माडांची सावली. एकाच साखळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर झावळी सावली धरून राहिली, तर सगळ्या साखळीची वीज घटते. प्रत्येक पॅनेलला वेगळा लहान इन्व्हर्टर लावणे हा उपाय आहे आणि तो महाग आहे. अनेकांनी अखेर खळ्याच्या कडेला उंच सांगाडा उभारला, आणि संचातील सर्वांत खर्चिक वस्तूंमध्ये लोखंडाची गणना होऊ लागली.

त्या लोखंडाला खारा वारा खातो. दुकानातून आणलेल्या साध्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपला वेल्डिंग केले की सांध्यावरचे जस्त जळते आणि दोन पावसाळ्यांत तिथून तांबूस ओघळ सुटतात. किनाऱ्यालगत योग्य असतो तो सगळे तुकडे कापून, भोके पाडून, मग वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला आणि जागेवर फक्त नटबोल्टने जोडलेला सांगाडा. बोल्टही स्टेनलेस स्टीलचे. पॅनेलच्या बाबतीत खाऱ्या हवेच्या चाचणीचे आयईसी 61701 हे मानक आहे. कोटेशन घेताना त्याचा उल्लेख कितीजण करतात कोणास ठाऊक. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील पत्रे, कौले आणि सुपारीच्या बागा उडविल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर गेले. पॅनेल हे वाऱ्याच्या दृष्टीने शीडच असते. या दोन वर्षांनंतर सांगाड्याचे पाय, पायाचे काँक्रीट आणि पट्ट्यांची जाडी यांवर होणारा खर्च लोक निमूटपणे देऊ लागले.

निसर्गनंतर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. खांब कोसळून काही गावे आठवडेच्या आठवडे अंधारात असताना ज्यांच्या छपरावरची पॅनेले शाबूत होती, त्यांच्याही घरी दिवा लागला नाही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून बाहेरचा पुरवठा जाताच नेट मीटरवाला इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. नियम रास्त आहे, पण संच विकताना तो फारसा सांगितला जात नव्हता. तेव्हापासून बाहेरचा पुरवठा गेला तरी बॅटरीवर घर चालविणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी यांची विचारणा कोकणात होऊ लागली, आणि 2015 च्या नियमाने कोटेशनबाहेर गेलेली बॅटरी मागल्या दाराने परत आली. केंद्राच्या योजनेत तिच्यासाठी वेगळी रक्कम नाही.

खर्च वसूल किती वर्षांत होणार, याचे उत्तरही इथे निराळे आहे. एक किलोवॉट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देतो, आषाढ-श्रावणात बरेच कमी. विजेच्या दराचे टप्पे असे आहेत की पहिली शंभर युनिटे सर्वांत स्वस्त. त्यापुढचा दर एकदम चढतो. ज्या घरात दोन वयस्कर माणसे, चार दिवे, पंखे आणि एक फ्रिज, त्याचे बिल मुळातच स्वस्त टप्प्यात संपते आणि वाचण्यासारखे फारसे उरत नाही. शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी राज्याने 2025 मध्ये ‘स्मार्ट’ योजनेतून वाढीव अनुदान आणले, ते याच अडचणीवर.

बंद घरांचा हिशेब त्याहून चमत्कारिक. नेट मीटरवर जमा झालेली युनिटे महिन्यामागून महिना पुढे ओढली जातात, पण 31 मार्चला खाते मिटते आणि उरलेल्या युनिटांचे पैसे किरकोळ दरापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतात. दिवाळीनंतरच्या निरभ्र उन्हात साठलेली सगळी शिल्लक अशी मार्चअखेर स्वस्तात जाते, आणि चाकरमानी घराचे कुलूप काढतो ते आंब्याला, एप्रिलच्या अखेरीस.