गारठ्यात आखडलेले गुडघे

डिसेंबर लागला की आमच्या नागपूरच्या घरी आईचं उठणं लांबतं. पलंगाच्या कडेला बसून ती आधी दोन्ही पावलं वर-खाली हलवते. मग एक पाय समोर सरळ करून पाच-सहा श्वास तसाच धरते, पाय बदलते आणि मगच मांडीवर हात टेकून उभी राहते. ओट्यापर्यंतची पावलं जड पडतात. चहाला उकळी येईस्तोवर मात्र "सुटले गं गुडघे" म्हणते.

तेवढ्या वेळात सुटतं काय? गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण होतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की स्पंजासारखी द्रव शोषून घेते. म्हणजे न हललेला सांधा उपाशीच राहतो. हा द्रव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत असतो. गारव्यात तो थोडा दाट होतो आणि सांध्याभोवतीचे स्नायूही आखडतात. हालचाल सुरू झाली की दोन्ही सैल होतात.

हवेचा दाब उतरला की सांध्याभोवतीच्या ऊती फुगतात आणि दुखतात, असंही सांगितलं जातं. पण आपल्याकडे दाब कमी असतो तो पावसाळ्यात. नागपूरचा हिवाळा कोरडा, आणि हवेचा दाब चढता. मग थंडीतल्या दुखण्याचं खापर दाबावर कसं फोडायचं? 2019 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. अडीच हजारांहून अधिक लोकांनी आपल्या दुखण्याची नोंद रोज मोबाइलवर केली होती. दमट हवा, उतरलेला दाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी दुखणं किंचित वाढत होतं. नुसत्या तापमानाशी मात्र स्पष्ट नातं दिसलं नाही. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता, पण तसल्या गारठ्यानेही कूर्चा झिजत नाही. माझ्या मते घात होतो तो आपण बसून राहिल्यामुळे. अंबाझरी तलावावरचा फेरा बंद होतो, जेवण झालं की माणूस रजईत शिरतो, आणि महिनाभरात मांडीचे स्नायू ढिले पडून सगळा भार गुडघ्यावर येतो.

म्हणून फिरणं सोडू नका, वेळ बदला. पहाटे पाचऐवजी ऊन अंगावर आल्यावर निघा. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरण्याचा आईचा व्यायाम मांडीचा पुढचा स्नायू बळकट करतो. गुडघ्याला आधार देणारा मुख्य स्नायू तोच. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. शेक पंधरा-वीस मिनिटं पुरे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर गरम पाण्याची पिशवी आधी दुसऱ्याने हात लावून बघावी, नाहीतर भाजलेलंही कळत नाही. तिळाचं तेल सांध्याच्या आत पोचत नाही, पण चोळण्याने स्नायू सैलावतात, खुशाल लावा. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेऊ नका. पोटात जखमा होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. गुडघ्याला वरून लावायचं औषधी मलम त्यापेक्षा सुरक्षित.

झिजेचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात उतरतो. तासभर बोटं वळतच नसतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर तो रुमेटॉइड संधिवात असू शकतो आणि तिथे लवकर सुरू केलेलं औषध सांधे वाचवतं. एखादाच सांधा लाल, गरम झाला आणि सोबत ताप असला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

विदर्भात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. थंडीत लहान लेकराचे हातपाय सुजले, किंवा शाळकरी मुलगा हाडं दुखतात म्हणून रात्रभर रडला, तर "गारठा बाधला" म्हणून नुसतं तेल चोळत बसू नका. सिकलसेलचा आजार आपल्या भागात बऱ्याच घरांत आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, हिवाळ्यात पाणीही कमी प्यायलं जातं, आणि या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. हाडापर्यंत रक्त पोचेनासं होतं. अशा दुखण्यावर बर्फ लावणं घातक. साध्या रक्ततपासणीने आजार कळतो, झटके कमी करणारं औषध मिळतं, आणि मग त्या पोराला शाळेत पाठवताना मोजे घालायचे, पाण्याची बाटली भरून द्यायची, हे घरच्यांना ठाऊक असतं.