आयओएसवरील क्रॉस-प्लॅटफॉर्म फ्रेमवर्क

एकाच कोडमधून अनेक प्रणालींसाठी अ‍ॅप बनवणारी साधने म्हणजे क्रॉस-प्लॅटफॉर्म फ्रेमवर्क. आयओएसवर सामान्य अ‍ॅपला मेमरीच्या पानावर (मेमरीच्या ठरावीक तुकड्यावर) कोड लिहून तेच पान चालवता येत नाही. चालणाऱ्या प्रत्येक पानावर आधीच डिजिटल सही झालेली असावी लागते. त्यामुळे अ‍ॅप चालू असताना कोड तयार करणारा जेआयटी कंपायलर इथे अडतो. क्रॉस-प्लॅटफॉर्म फ्रेमवर्कच्या बहुतेक अडचणींचे मूळ हेच आहे. एप्रिल २०१० मध्ये ॲपलने परवाना-करारातूनही अशा फ्रेमवर्कना अटकाव केला होता. ती अट सप्टेंबरमध्ये सैल झाली, मेमरीचे बंधन राहिले. सफारीच्या इंजिनाला मात्र जेआयटीची मुभा आहे. आयओएस ८ पासून डब्ल्यूकेवेबव्ह्यूमधील, म्हणजे अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या घटकातील, वेबपानांनाही ती मिळते, कारण त्यांची जावास्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते.

यातून वाट काढायची तर कोड आधीच कंपाइल करायचा, म्हणजे एओटी, किंवा कोड कंपाइल न करता एकेक सूचना वाचून पाळणारा इंटरप्रीटर वापरायचा. २००९ मधील मोनोटचने, म्हणजे मोनो या मुक्त डॉटनेट प्रणालीच्या आयओएस रूपाने, पहिला मार्ग धरला. युनिटी या गेम इंजिनाचे आयएल२सीपीपी सी# पासून बनलेल्या मध्यवर्ती कोडचे सी++ करून तो कंपाइल करते. रिॲक्ट नेटिव्ह फ्रेमवर्कचे हर्मिस हे जावास्क्रिप्ट इंजिन बिल्डच्या वेळी बाइटकोड (इंटरप्रीटरसाठीचा आटोपशीर कोड) बनवते आणि फोनवर तो इंटरप्रीट करते, ०.७० आवृत्तीपासून तेच डीफॉल्ट आहे. फ्लटर फ्रेमवर्क डीबगमध्ये (चाचणीच्या बिल्डमध्ये) जेआयटी आणि रिलीजमध्ये (वापरकर्त्यांना द्यायच्या बिल्डमध्ये) एओटी वापरते. म्हणून आयओएस १४ पासून फ्लटरचे डीबग बिल्ड होम स्क्रीनवरून उघडले की बंद पडते. ते डीबगर जोडूनच सुरू करावे लागते.

मोनोवरचे दोष विशेष फसवे, कारण संगणकावरच्या सिम्युलेटरवर जेआयटी चालतो आणि तिथे सगळे सुरळीत दिसते. अ‍ॅप चालू असताना नवा कोड बनवणारी रिफ्लेक्शन.एमिट ही सोय तर निव्वळ एओटीवर चालत नाही. एओटी कंपायलरला जेनेरिक मेथडचा (वेगवेगळ्या डेटा-प्रकारांसाठी एकदाच लिहिलेल्या मेथडचा) एखादा प्रकार आधी ओळखता आला नाही, तर फोनवर नेमकी ती मेथड बोलावताच ‘जेआयटी करण्याचा प्रयत्न’ अशी चूक येऊन अ‍ॅप कोसळते. तो प्रकार कोडमध्ये कुठेतरी थेट वापरून ठेवला की कंपायलरला तो दिसतो. ट्रॅम्पोलिन संपल्याचा संदेशही असाच. ट्रॅम्पोलिन म्हणजे आधीच मोजून ठेवलेले उडी मारायचे छोटे तुकडे. इंटरफेसचा भरपूर वापर असला की त्यांतले ‘टाइप २’ प्रकारचे तुकडे संपतात. त्यांची मूळ संख्या १२८ असते, ती बिल्डच्या एओटी पर्यायांत ५१२ करावी.

लिंकरचा, म्हणजे बिल्डच्या वेळी न वापरलेला कोड छाटणाऱ्या साधनाचा, घोळ याहून साधा, पण शोधायला चिवट. ज्या क्लासला फक्त नावाच्या स्ट्रिंगमधून हाक मारली जाते, तो वापरात नाही असे समजून लिंकर काढून टाकतो; जेसन स्वरूपातला डेटा वाचणारे कोड याला हमखास बळी पडतात. मोनोटचचे पुढचे रूप असलेल्या झामरिनमध्ये (त्याचा आधार २०२४ मध्ये संपला) प्रिझर्व्ह ॲट्रिब्यूट लावून तो क्लास राखता येत असे, युनिटीत लिंक.एक्सएमएलमध्ये नोंद करून राखता येतो. डीबगमध्ये लिंकर बहुधा सौम्य असतो, म्हणून ही चाचणी खऱ्या फोनवर, रिलीज बिल्डवरच घ्यावी.